बिघाड झाला की 'ओपन सोर्स', एरवी नुसतं 'तंत्रज्ञान'?

बिनखिडक्या

शुक्रवार, १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल रवाना केली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बंद पडली. विमानं खोळंबली, इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या दोन दिवसांत हाताला लागतील तेवढ्या बातम्या वाचल्या मी. कंपनीचं नाव होतं, विंडोजचं होतं, 'जागतिक आयटी संकट' वगैरेही होतं. 'क्लोज्ड सोर्सच्या भरवशावर प्रश्नचिन्ह' असं मात्र कुठे दिसलं नाही. (क्लोज्ड सोर्स म्हणजे कोड कंपनीच्या कुलपात; ओपन सोर्स म्हणजे तो कुणालाही वाचायला, बदलायला खुला.)

आता एप्रिल २०१४ आठवा. साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स लायब्ररीतली (लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) हार्टब्लीड ही चूक बाहेर आली. किंवा डिसेंबर २०२१, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी लॉगफोरजे. तेव्हा चर्चा त्या एका लायब्ररीपाशी थांबली नाही. ओपन सोर्सवर विसंबावं का, फुकट काम करणाऱ्यांच्या हाती इंटरनेट सोपवावं का, अशा सुरात लेखांवर लेख आले. गंमत म्हणजे २०१४ च्याच नोव्हेंबरात विंडोजच्या एसचॅनलमध्ये, म्हणजे ओपनएसएसएल करतं तेच काम करणाऱ्या भागात, तितकंच गंभीर भोक सापडलं होतं. पॅच (दुरुस्तीचा तुकडा) आला, लोकांनी लावला, विषय संपला. इथे किती जणांना ते आठवतंय?

माझं दुखणं खरं तर इक्विफॅक्सच्या बातमीपासूनचं आहे. ७ सप्टेंबर २०१७ ला लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या अमेरिकी कंपनीने सांगितलं की लोकांची माहिती चोरीला गेली. आकडा शेवटी १४ कोटी ७० लाखांच्या आसपास पोचला. चोर शिरले अपाची स्ट्रट्स या वेबसाइट बांधायच्या ओपन सोर्स फ्रेमवर्कमधल्या भोकातून. झालं, स्ट्रट्सच्या नावाने शंख सुरू. काहींनी तर त्याच आठवड्यात जाहीर झालेलं भलतंच भोक पकडलं, ज्याचा या चोरीशी संबंध नव्हता. स्ट्रट्स सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनला दोन दिवसांत निवेदन काढावं लागलं. पुढे कंपनीनेच मान्य केलं की भोक मार्चमधलं होतं. त्याची दुरुस्ती ७ मार्चलाच उपलब्ध झाली होती. चोर घुसले मेच्या मध्यात. नवं कुलूप दोन महिने पुडक्यात पडून, आणि बोंब कुलूपवाल्याच्या नावाने.

उलट १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर उडालं तेव्हा त्यात लिनक्स ही ओपन सोर्स कार्यप्रणाली होती. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी एकूण एक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. हे कुठेतरी तेराव्या परिच्छेदात असतं, असलं तर.

हा पक्षपात नाही तर काय आहे?

शून्यशेष

पक्षपात नाही, ओळख करून देणं आहे.

क्राउडस्ट्राइक ही कंपनी आहे. तिला पत्ता आहे, मुख्याधिकारी आहे, शेअरचा भाव आहे. मथळ्यात तिचं नाव टाकलं की काम भागतं. लॉगफोरजे म्हणजे काय हे ९ डिसेंबर २०२१ पर्यंत जावा लिहिणाऱ्यांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. बातमीदार वाचकाला काय सांगणार? 'लॉगफोरजे नावाची एक ओपन सोर्स लायब्ररी' असंच सांगणार ना? तुम्हाला आडनाव वाटतं ते साधं विशेषण आहे.

आणि हार्टब्लीडच्या वेळी 'ओपन सोर्स' हीच तर बातमी होती. अर्धं इंटरनेट ज्या कोडवर कुलूपं लावून बसलं होतं, त्या प्रकल्पाला वर्षाला देणगी यायची साधारण दोन हजार डॉलर. पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. हे छापायचं नाही तर काय छापायचं? हे छापून आलं म्हणून त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून अशा प्रकल्पांसाठी निधी उभा केला. प्रेसने गुळमुळीत लिहिलं असतं तर बिचारे ओपनएसएसएलवाले आजही दोन हजारांतच भागवत असते.

इक्विफॅक्सचं म्हणाल तर नीट आठवा. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेससमोर कुणाची साल काढली गेली? स्ट्रट्सची नव्हे. कंपनीच्या माजी प्रमुखाची. पॅचचा निरोप पुढे न दिल्याचं खापर त्याने एका कर्मचाऱ्यावर फोडलं, त्यावरही प्रेसने त्याला सोडलं नाही. पहिले चार दिवस चुकले, पुढचे कित्येक महिने बरोबर होते. तुम्ही पहिले चारच धरून बसलात.

तिरकस

अर्धं इंटरनेट की दोन तृतीयांश? मी तर दोन तृतीयांश वाचलं होतं. :)

जुना_उपसंपादक

तिरकसरावांनी चेष्टेत विचारलंय, पण त्या आकड्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे.

हार्टब्लीडची माहिती देणाऱ्या मूळ पानावर लिहिलं होतं की ओपनएसएसएल वापरणारे सर्व्हर, म्हणजे अपाची आणि एन्जिनएक्स, मिळून ६६ टक्क्यांहून जास्त चालू साइटवर आहेत. हा सर्व्हरच्या वाट्याचा आकडा. त्यातल्या कित्येक साइट एसएसएल, म्हणजे कुलूपबंद जोडणी, वापरतच नव्हत्या, कित्येकांवर ओपनएसएसएलची जुनी, निर्धोक आवृत्ती होती. चूक १.०.१ मध्ये, म्हणजे मार्च २०१२ मध्ये आली. चूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी साइटची मोजदाद करणाऱ्या नेटक्राफ्टने प्रत्यक्ष मोजणी दिली: एसएसएल साइटपैकी साधारण १७.५ टक्के, सुमारे पाच लाख प्रमाणपत्रं. दोन्ही आकडे डेस्कवर एकाच वेळी समोर होते. मथळ्यात कुठला गेला असेल?

मी आयुष्याची वीसेक वर्षं मथळे लावण्यात घालवली, म्हणून सांगतो. द्वेष करायलासुद्धा वेळ लागतो, तो तिथे कुणाकडे नसतो. पान सुटायला चाळीस मिनिटं आहेत, आलेल्या मजकुरात कंपनीचं निवेदन तयार आहे, तिचा पीआरवाला दोनदा फोन करून गेलाय. प्रकल्पाच्या बाजूने काय आहे? एक मेलिंग लिस्ट, त्यावर ऐंशी मेल, त्यातला कुठला अधिकृत हे सांगायला कुणी नाही. कंपनीची बाजू तिच्या शब्दांत जाते. प्रकल्पाची बाजू बातमीदाराला समजली तशी जाते. तो राजकारणावरून कालच तंत्रज्ञानाकडे आलेला असेल तर देवच वाली.

बिनखिडक्यांनी न मांडलेला एक मुद्दा मला जास्त खुपतो. दरवर्षी अहवाल येतात: इतक्या टक्के सॉफ्टवेअरमध्ये जुने ओपन सोर्स घटक, त्यात इतक्या त्रुटी. जशाच्या तसे छापले जातात. ते काढणाऱ्या बहुतेक कंपन्यांचा धंदाच ओपन सोर्स घटक तपासून देण्याचं साधन विकण्याचा असतो. आकडे खोटे असतात असं नाही. पण बंद कोडचा तसा अहवाल निघू शकत नाही, कारण बाहेरच्या कुणाला तो उघडून मोजताच येत नाही. ज्याचं दार उघडं त्याच्याच घरातली जळमटं मोजली जातात, आणि वर्षानुवर्षं ते वाचून वाचकाला वाटतं की शेजारचं घर लख्ख असणार. यात बातमीदाराने एक अक्षर खोटं लिहिलेलं नसतं.

बिनखिडक्या

काका, तुमचा शेवटचा परिच्छेद मी धाग्याच्या माथ्यावर लावायला हवा होता.

पण 'वेळ नसतो' हे सगळीकडे पुरत नाही. एससीओचा खटला घ्या. मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर शंभर कोटी डॉलरचा दावा लावला, मग रक्कम पाचशे कोटींवर नेली. म्हणणं काय, तर युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीचा आमचा कोड लिनक्समध्ये घुसडला. चार वर्षं हे चाललं. चार वर्षं म्हणजे चाळीस मिनिटं नव्हेत. फोर्ब्समध्ये डॅनिएल लायन्स एससीओचं म्हणणं गांभीर्याने घेऊन आणि लिनक्सवाल्यांना माथेफिरू भक्त ठरवून लिहीत राहिले. त्याच काळात पामेला जोन्स यांच्या ग्रोकलॉ या ब्लॉगवर कोर्टाचा कागद न् कागद लावला जात होता, वाचक मंडळी त्यातली कलमं सोडवून दाखवत होती. कागद सगळ्यांना खुले होते. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की युनिक्सचा कॉपीराइट मुळात एससीओकडे नाहीच, नॉव्हेल या दुसऱ्या कंपनीकडे आहे. पुढच्याच महिन्यात एससीओ दिवाळखोरीत. दरम्यान किती जणांनी 'लिनक्स वापरलं तर कोर्टात खेचतील' या भीतीने हात आखडता घेतला असेल?

शून्यशेष

अर्धीच गोष्ट सांगितलीत. सप्टेंबर २००७ मध्ये त्याच लायन्स यांनी त्याच फोर्ब्समध्ये लेख लिहून 'मी फसलो, माझं चुकलं' अशी जाहीर कबुली दिली. स्वतःच्या नावाने. आपल्या छावणीतल्या कुणी असा लेख लिहिलेला दाखवा. म्युनिकच्या नगरपालिकेने २०१७ मध्ये लिनक्सवरून विंडोजकडे परतायचा ठराव केला तेव्हा तुमच्या मंडळींनी काय केलं? वर्षभर आधी मायक्रोसॉफ्टचं जर्मन मुख्यालय म्युनिकमध्ये आलं होतं, तेवढ्या धाग्यावर कटाचं अख्खं वस्त्र विणलं. कर्मचारी रोज कशावरून कुरकुरत होते, हे विचारायलाही कुणी गेलं नाही.

तिरकस

म्युनिकचं जाणं सगळीकडे छापून आलं. २०२० मध्ये तिथल्या नव्या आघाडीने पुन्हा ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं ठरवलं, ते मला एका जर्मन मित्राने सांगितलं. बातमीत नाही दिसलं.

(एससीओ-आयबीएम प्रकरण २०२१ मध्ये एक कोटी साडेबेचाळीस लाख डॉलरवर मिटलं. पाचशे कोटींवरून. हेही कुणी छापलं असेल तर बारीक टायपात.)

सावली

थोडं अवांतर होईल, पण भाषेचंही बघा. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मोफत आणि स्वतंत्र दोन्ही अर्थ कोंबलेत, म्हणून 'फ्री सॉफ्टवेअर'वाल्यांना १९८३ पासून समजावत बसावं लागलं की आम्ही पैशांबद्दल बोलत नाही. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द काढला, त्याचं एक कारण हाच घोळ. मराठीला ही अडचण नव्हतीच. 'मुक्त' वेगळं, 'फुकट' वेगळं. तरी आपल्याकडच्या बातम्यांत बघावं तेव्हा 'मोफत सॉफ्टवेअर'. आणि फुकटच्या वस्तूबद्दल आपलं मत काय असतं ते सांगायला नको. तो एक शब्द वाचकाच्या मनात दर्जाचा निकाल लावून मोकळा होतो.

शून्यशेष

सावली, हे मान्य. पण मला उलट बाजूचा पक्षपात दिसतो त्याकडे कुणी वळेल का?

मार्च २०२४. एक्सझेड युटिल्स, फाइली दाबून लहान करायचं ओपन सोर्स साधन. कुणीतरी 'जिया टॅन' नावाने दोनेक वर्षं गोडीगुलाबीने मदत करत करत मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) झाला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवून गेला. तो कोण, एकटा की टोळी, हे आजही उघड नाही. ओपन सोर्सचा सगळा डोलारा ज्या विश्वासावर उभा आहे त्यालाच हे भगदाड होतं. आणि गोष्ट कशी रंगली? अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने धागा पकडला, २९ मार्चला जाहीर केलं, जग वाचलं. नायक, अर्धा सेकंद, टाळ्या. 'बघा, कोड उघडा होता म्हणून पकडलं.' कोड तर आधीपासून उघडाच होता हो! शिवाय त्या दाराचे महत्त्वाचे तुकडे चाचणीच्या बायनरी फाइलींत दडवलेले होते, आणि ते जोडणारी ओळ वाटपासाठी बांधलेल्या पुडक्यातच (टारबॉलमध्ये) होती, सगळे जिथे कोड वाचतात त्या गिटमध्ये नव्हती. नुसता कोड वाचून कुणाला ते दिसलंच नसतं. पकडलं ते मशीन मंद झाल्याने, आणि पकडणारा मायक्रोसॉफ्टचा पगारी माणूस. हा तपशील टाळ्यांत बुडाला.

दुसरं. जुलै २०२३ मध्ये मेटाने लामा २ हे एआय मॉडेल आणलं आणि 'ओपन सोर्स' म्हणून मिरवलं. परवान्यात अट अशी की महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असतील तर आमची वेगळी परवानगी घ्या. वापर कशासाठी करू नये याचीही यादी. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने लगेच सांगितलं, हे ओपन सोर्स नाही. तरी बातम्यांत 'ओपन सोर्स एआय' हेच. प्रेसला ओपन सोर्सबद्दल आकस असता तर हे बिरुद असं फुकट वाटलं असतं का?

बिनखिडक्या

एक्सझेडवर तुमचं बरोबर आहे. मीही टाळ्या पिटणाऱ्यांत होतो, आणि त्या टारबॉलबद्दल मला नंतर कळलं.

लामाचं मात्र तुम्ही माझ्याच पारड्यात टाकलंत. बातमीदाराने परवाना उघडला नाही, कंपनीने जो शब्द दिला तो छापला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी मुलाखतीत लिनक्सला कॅन्सर म्हटलं, वर असंही सांगितलं की ओपन सोर्स काही वापरलं की तुमचं उरलेलं सॉफ्टवेअरही खुलं करावं लागतं. निखालस चूक. वापरणं आणि बदल करून वाटणं यात फरक आहे, शिवाय सगळे परवाने जीपीएल (बदल करून वाटलं तर कोड खुला करायला लावणारा परवाना) नसतात. तरी ती समजूत बातम्यांतून अशी पसरली की मी स्वतः दहा वर्षांनंतर एका बैठकीत एका वकिलाच्या तोंडून ती शब्दशः ऐकली. 'डेटाबेस ओपन सोर्स आहे ना, मग आपला कोडही द्यावा लागेल.' मी परवाना छापून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो बाजूला सारून मासिकाचं कात्रण दाखवलं.

तेव्हा शब्द बामर यांचा, आता शब्द मेटाचा. छापणारे तेच.

शून्यशेष

मग तुमची तक्रार अशी झाली की प्रेस पीआरवाल्याचं ऐकतं. ती मला शंभर टक्के मान्य. पण धाग्याचं शीर्षक 'ओपन सोर्सविरुद्ध पक्षपात' असं सुचवतं. ते बदला.

पॅचवर्क

मी इथे सहसा वाचून निघून जाते, पण या विषयात माझं बोट दाराच्या फटीत सापडलंय.

मी एक लहानशी लायब्ररी सांभाळते. तारखा वाचण्याची. नोकरी वेगळी, हे रात्री आणि सुटीत. मागे एका संशोधकाने तिच्यात त्रुटी दाखवली. खरी होती. बाहेरून आलेला मजकूर वाचताना एक पर्याय मुद्दाम चालू केला तरच धोका, तोही दोनच आवृत्त्यांत. मी पाच दिवसांत दुरुस्ती काढली, सूचना लिहिली.

तिसऱ्या रात्री साडेअकराला एका बातमीदाराचा मेल आला, दोन तासांत उत्तर द्या. मी झोपले होते. सकाळी उठले तर बातमी लागलेली: 'सर्व आवृत्त्या धोक्यात', 'हौशी प्रोग्रामरने सांभाळलेली', आणि शेवटी 'विकासकांकडून प्रतिसाद मिळाला नाही'. विकासक मी एकटीच, अनेकवचन कुठून आलं कोण जाणे. मी सकाळी सव्वासातला सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर नाही.

त्यानंतर तक्रारी नोंदवायच्या ट्रॅकरवर जे लोक आले त्यांना लायब्ररीशी घेणंदेणं नव्हतं. बातमीची लिंक चिकटवायची आणि 'केव्हा दुरुस्त करणार' विचारायचं. दुरुस्ती चालूच होती, त्यात मी त्यांनाच उत्तरं देत बसले. एका मोठ्या कंपनीच्या सुरक्षा विभागाने अठ्ठावीस प्रश्नांची फॉर्मवजा यादी पाठवली. ती लायब्ररी ते वापरतात हे मला तेव्हाच कळलं.

शून्यशेष म्हणतात तो कौतुकाचा पक्षपातही चाखलाय. काही महिन्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी 'निःस्वार्थ सेवा' वगैरे लेख आला, त्यात मी. मला तो पहिल्याहून जास्त टोचला. निःस्वार्थ म्हटलं की पैसे द्यायचा प्रश्नच मिटतो.

जुना_उपसंपादक

पॅचवर्कताई, 'प्रतिसाद मिळाला नाही' हे वाक्य आमच्याकडे आधीच टाइप करून ठेवलेलं असायचं. रात्री साडेअकराचा मेल हा ते वाक्य छापायला मोकळं व्हावं म्हणूनच असतो. मीही तसे पाठवलेत. लाज वाटते म्हणून आत्ता सांगतोय.

एक व्यवहाराचं. सूचना लिहिता त्याच पानावर अगदी वर तीन ओळी ठेवा: कुठल्या आवृत्त्या, कुठल्या परिस्थितीत, दुरुस्ती कुठे. 'बातमीसाठी हे उद्धृत करता येईल' असं स्पष्ट लिहा. डेस्कवरचा आळशी माणूस तयार वाक्य उचलतो. कंपन्या नेमकं हेच करतात.

बिनखिडक्या

म्हणजे मेंटेनरने आता पीआरही शिकायचं. रात्री, नोकरी झाल्यावर.

शून्यशेष

कुणी शिकवलं नाही तर हो. एलडब्ल्यूएन या लिनक्सच्या बातम्यांच्या साइटसारखं ठिकाण १९९८ पासून आहे, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेलिंग लिस्टा खरोखर वाचून लिहितात, वर्गणीवर चालतं. तिथे पॅचवर्कताईंची बातमी चुकली नसती. तुमच्यातले किती जण वर्गणी भरतात?

तिरकस

मी लेख आठवडाभराने सगळ्यांना खुला होतो तेव्हा वाचतो. फुकट. (सावली, मुक्त नव्हे, फुकटच.)

बिनखिडक्या

मीही नाही भरत. आज भरतो.

शीर्षक बदलत नाही. पुढे प्रश्नचिन्ह आहे, शून्यशेष, तूर्त तेवढ्यावर भागवा.

पॅचवर्क

काका, तीन ओळी आत्ता टाकल्या. टाकता टाकता ती जुनी बातमीही उघडून पाहिली. दोन वर्षं होत आली. 'सर्व आवृत्त्या' अजून तसंच आहे.